ओल्या सीटा, मचूळ पाणी आणि दिरांचं अमेरिकन मशीन

गुहागरहून एका ताईंचं पत्र आलंय. समुद्राजवळ त्यांचं होमस्टे आहे. यजमान पर्यटकांसाठी सात सीटांची गाडी चालवतात आणि घरची एक छोटी गाडी वेगळी. त्या लिहितात:

"समुद्रात डुंबून आलेली मंडळी ओलेत्यानेच गाडीत बसतात. सांगून सांगून आम्ही थकलो. सीटा वरून सुकतात, पण जरा पावसाळी हवा झाली की परत दमट लागतात आणि कुबट वास सुटतो. चिपळूणला नेऊन आतून धुऊन आणायची तर पैसे जातातच, वर धंद्याचा दिवस बुडतो. म्हणून घरीच एखादं पोर्टेबल मशीन घ्यावं म्हणते. पंधरा हजारांपर्यंत घालता येतील. मुलगा म्हणतो, ओला-सुका व्हॅक्यूम पुरे. शेजारी म्हणतात, वाफेचं घ्या. अमेरिकेतले धाकटे दीर गणपतीला येताना तिथलं हिरवं मशीन आणतो म्हणतात. कोणाचं ऐकू? ता. क. छोट्या गाडीच्या डिकीत सुरमईच्या पिशवीतलं पाणी सांडलंय. त्याला काय करू?"

ताई,

तिघांत मुलगा उत्तराच्या सगळ्यात जवळ आहे. वाफेचं मशीन तुमच्या कामाचं नाही, आणि दिरांना प्रेमाने नको म्हणा. कारणं सांगतोच, पण सीट परत परत ओली का होते ते आधी बघू. मशीन कुठलं घ्यायचं ते त्यावरच ठरतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. चार जण ओलेत्याने बसले आणि सगळ्यांच्या कपड्यांतून मिळून लिटरभर पाणी फोममध्ये उतरलं, तर पाणी दोन दिवसांत उडून जातं, पण दोन मोठे चमचे मीठ आतच राहतं. पुढच्या रविवारी त्यात आणखी भर. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच सुरू होतं. आगोटीला भरून ठेवलेलं जाडं मीठ बरणीत पाणी सोडतं ना, तेच तुमच्या सीटच्या पोटात चाललंय.

म्हणजे नुसतं सुकवून हे दुखणं जाणार नाही. कापूर, डांबराच्या गोळ्या, डॅशबोर्डवरची अत्तराची बाटली यांनी वासावर वास चढतो, बाकी काही होत नाही. गोड्या पाण्यात ते मीठ विरघळवायचं आणि ते पाणी बाहेर ओढून काढायचं, एवढा एकच इलाज. पाणी मारणारी यंत्रं ढिगाने मिळतात. तुम्हाला मारलेलं पाणी परत ओढणारं हवंय.

म्हणूनच शेजाऱ्यांचं वाफेचं मशीन बाद. वाफ मळ सोडवते, पण ओढून काहीच घेत नाही. सुटलेला मळ आणि थंड होऊन पाणी झालेली वाफ, दोन्ही फोममध्ये खाली जातात. कोरड्या मुलखात ते चालून जात असेल, आपल्याकडे नाही. शिवाय उलटी, दूध, मासळीचं पाणी असल्या डागांवर गरम वाफ बसली की त्यातली प्रथिनं गोठतात आणि डाग पक्का होतो. घाटातली वळणं घेऊन आलेल्या पाहुण्यांची गाडी आहे तुमची, उलटीचा डाग काही अपवादाने पडणारा नाही. एसीच्या जाळ्या आणि दरवाजाचे रबर साफ करायला वाफ छान. पण तेवढ्यासाठी मशीन कोण घेतं?

आता तुम्हाला ज्या जातीचं हवं आहे ते. याला दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची आणि एक घाण पाण्याची. हातातल्या नोझलचा खटका दाबला की छोटा पंप कापडात पाणी फवारतो आणि त्याच नोझलच्या तोंडातून मोटर ते लगेच मागे ओढते. डिटेलिंगवाल्यांकडे, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करून देणाऱ्यांकडे, दिसणारं कार्चर कंपनीचं पुझी १०/१ हे याच जातीतलं मोठं भावंड. त्याची स्वच्छ पाण्याची टाकी दहा लिटरची आणि किंमत तुमच्या बजेटच्या बरीच पुढे. तुमच्या पैशांत दीड ते चार लिटर टाकीची घरगुती मशीनं येतात. सात सीटांच्या गाडीला दीड लिटरची टाकी म्हणजे दर सीटमागे नळाकडे एक फेरी. तीन-चार लिटरची मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत वॅट छापलेले असतात, त्यांना भुलू नका. वॅटवरून मशीन किती वीज खातं तेवढं कळतं, ओढ कळत नाही. ओढ किलोपास्कलमध्ये लिहितात. १५ च्या खालचं मी तरी घेणार नाही. पण तो आकडाही पाइपचं तोंड बंद करून मोजलेला असतो, म्हणून त्याच्यावरही पूर्ण विसंबू नका. दुकानात चालवून बघता आलं तर जुन्या गादीतला फोमचा तुकडा सोबत न्या. त्यावर पाव लिटर पाणी मोजून ओता, दोन मिनिटं मुरू द्या. मग नोझल घट्ट दाबून, मुंगीच्या पावलाने मागे ओढा, असे चार-पाच हात मारा आणि घाण टाकीतलं पाणी परत मापात ओता. निम्म्याहून बरंच जास्त परत आलं पाहिजे. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे. ऑनलाइन मागवलंत तर हीच परीक्षा घरी, परतीची मुदत संपायच्या आत.

नोझल पारदर्शक हवं. मागे येणारं पाणी आधी लालसर तपकिरी असतं, मग गढूळ, मग जवळजवळ स्वच्छ. ते डोळ्यांना दिसलं तरच कुठे थांबायचं ते कळतं. मीठ मात्र पाण्यात दिसत नाही, म्हणून पाणी स्वच्छ दिसल्यावरही साध्या पाण्याचा आणखी एक हात द्यायचाच.

दिरांच्या मशीनबद्दल. ते हिरवं मशीन बहुधा बिसेलचं. मशीन म्हणून चांगलं आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण अमेरिकेतलं मॉडेल १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातलं तर पहिल्याच मिनिटात मोटरीचा निकाल. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण तो मशीनच्या वॅटपेक्षा वरच्या क्षमतेचा घ्यावा लागतो, चांगला जड असतो आणि गाडीपाशी ओल्या जमिनीवर तो मांडून ठेवणं हे वेगळंच लचांड. तिथली वॉरंटीही इथे कामाची नाही. (कंपनीची कथा मात्र तुम्हाला आवडेल. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला मेल्विल बिसेल यांनी १८७६ मध्ये गालिचा झाडण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते १८८९ मध्ये गेले आणि पुढे कंपनी त्यांच्या पत्नी ॲना यांनी चालवली, तीही नावारूपाला आणून.)

मुलगा म्हणतो तो ओला-सुका व्हॅक्यूम पाणी ओढतो, फवारत नाही. फवारायचं काम हाताने केलं की झालं. बागेत वापरतात तो दोन लिटरचा दाब भरायचा फवारा काही शे रुपयांत मिळतो. नवीन घ्या हं, आंब्यावर औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी गाडीत नको. व्हॅक्यूमला सीटचं रुंद, चपटं नोझल वेगळं मिळत असेल तर तेही घ्या, सोबत आलेला जमिनीचा ब्रश सीटवर नीट बसत नाही. पाणी ओढण्याआधी आतली कापडी किंवा कागदी पिशवी काढून स्पंजचा फिल्टर घालायचा. हे विसरलं की पिशवीचा लगदा होतो. एवढं सांभाळलं तर पाच ते आठ हजारांत तुमचं बरंचसं काम निघेल. शिवाय ओसरीवर शिरलेलं पाणी आणि पर्यटकांनी आणलेली वाळूही तोच ओढेल. वाळूचं काम दोन टाक्यांच्या मशीनचं नव्हेच. वाळू कोरडीच ओढायची, भिजवली की धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते.

तर माझा सल्ला असा, आधी मुलाचं मशीन घ्या आणि एक हंगाम काढा. पाहुण्यांची गर्दी वाढली, फवारा मारून मारून हात दुखायला लागले, तर उरलेल्या पैशांत भर घालून दोन टाक्यांचं घ्या. तेव्हाही पहिलं मशीन कोरड्या कामाला लागणारच, फुकट जाणार नाही. फक्त घरच्या छोट्या गाडीचा प्रश्न असता तर मी काहीच घेऊ नका म्हटलं असतं. वर्षातून एकदा बाहेर धुऊन आणणं स्वस्त पडतं.

सिगारेट लायटरच्या खाचेत लावायची बारकी मशीनं स्वस्त दिसतात, ती विसरा. त्या खाचेला सहसा १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे १२० ते १८० वॅटच्या पुढे तिथे काही चालत नाही. चिवड्याचा चुरा ओढतील, फोममधलं पाणी नाही. बॅटरीवरची त्याहून बरी, पण पंधरा-वीस मिनिटांत दमतात आणि तुमच्याकडे सीटा सात. भरवशाची ती वायरवालीच. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवण्याचा बेत असेल तर आधी हिशेब करा. घरचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ७०० वॅट देतो आणि ओले-सुके व्हॅक्यूम बहुतेक हजार वॅटच्या वरचे. आणि ओल्या अंगणात एक्स्टेन्शन बोर्ड टाकणार असाल तर घराच्या मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. बोर्ड जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा, तीन पिनांचाच वापरा आणि पायात चप्पल असू द्या.

आता पाणी. याकडे कोणी बघतच नाही. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याने सीट धुतली तर एक मीठ काढून दुसरं घातल्यासारखं होईल. शिवाय फवाऱ्याच्या भोकांत खार धरतो. नळाचं गोडं पाणी वापरा. गरम नको, हाताला सोसेल इतपत कोमट पुरे.

साबण कमीत कमी. कपड्यांची पावडर किंवा केसांचा शॅम्पू घातला तर घाण टाकीत फेस चढतो, तो मोटरीपर्यंत जातो आणि मोटर गेली की वॉरंटीवाले हात वर करतात. कमी फेसाचं अपहोल्स्ट्री क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या मापानेच घ्या. साबण कापडात राहिला की चिकट होतो आणि पंधरा दिवसांत सीट आधीपेक्षा मळते. खारट सीटेला तर साबण लागतच नाही, दोन वेळा साधं पाणी मारून ओढलं की पुरे. आपल्या लाल मातीचं तंत्र निराळं. ती पूर्ण वाळू द्यायची, ब्रशने झाडायची, कोरडी ओढायची, मग पाणी. उरलेल्या लालीवर ब्लीच अजिबात नको. तो लोखंडाचा रंग आहे, ब्लीचने जास्तच पक्का बसतो. कोकमाच्या डागाला आधी नुसतं थंड पाणी, साबण लागला की तो निळसर काळा पडतो. फणसाच्या चिकाला खोबरेल, आणि मग त्या खोबरेलाला भांड्यांचा साबण.

मशीन यायच्या आधी दोन गोष्टी तपासा. तुमच्या सीटांवर रेक्झिनची कव्हरं असतील तर ती काढावी लागतील. रेक्झिनमधून मशीन काही ओढू शकत नाही, पण शिलाईच्या भोकांतून खारं पाणी मात्र मजेत आत जातं आणि वरून झाकलेलं असल्यामुळे सुकत नाही. तेच खालच्या लॅमिनेशनचं, म्हणजे गाडीच्या तळाला कार्पेटवर चढवलेल्या आवरणाचं. ते बसवून देणारे म्हणतात पाणी खाली जाणार नाही. कडेने जातंच. एका कोपऱ्यातून उचलून खालच्या कार्पेटवर कोरडा नॅपकिन दाबून बघा. ओला झाला तर लॅमिनेशन काढून कार्पेट सुकवल्याशिवाय वरून कितीही मशीन फिरवा, वास तिथेच.

दुसरी तपासणी गळतीची. पुढच्या डाव्या बाजूचं कार्पेटच नेहमी ओलं असेल तर दोष पर्यटकांना देऊ नका. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते, किंवा वायपरखालच्या जाळीत पाचोळा अडकून पावसाचं पाणी आत उतरत असतं. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांकडे हे हमखास. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल तर ते आत जातंय असं समजा. मेकॅनिकचं ते थोडक्या वेळाचं काम असतं आणि त्यासाठी पंधरा हजारांचं मशीन लागत नाही.

आणि पुराचं पाणी शिरलेल्या गाडीला हे मशीन पुरं पडत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांना विचारा. तिथे सीटा आणि कार्पेट उचकटूनच बाहेर काढावी लागतात, वायरिंग वेगळं बघावं लागतं.

वापरताना सीटखाली पाणी फवारू नका. तिथे पिवळ्या आवरणातले कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे. छताच्या कापडावरही हे मशीन चालवायचं नाही, आतला गोंद सुटतो आणि कापड लोंबायला लागतं. एकदा फवारा मारत ओढलं की दोन-तीन हात नुसते ओढायचे, फवारा न मारता. घाईत लोक हेच टाळतात, आणि सगळी करामत याच कोरड्या हातांत आहे. नंतर टर्किशचा पांढरा टॉवेल तळव्याने दाबून बघा. टॉवेल दमट झाला तर ठीक, ओला झाला तर पुन्हा ओढा.

सुकायला जास्तीत जास्त एक-दोन दिवस. ४८ तासांनंतरही ओल राहिली तर बुरशी धरते. म्हणून हे काम सकाळी लवकर काढा, सगळे दरवाजे उघडे टाका आणि टेबलफॅन सीटेकडे तोंड करून लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काळजी नाही. पावसाळ्यात एका वेळी एकाच रांगेच्या सीटा घ्या. नंतर गाडी सुरू करून एसी चालू ठेवा आणि हवा आतल्या आत फिरवा. एसी हवेतलं पाणी काढून घेतो. मात्र हे उघड्यावर, बंद गॅरेजात कधीच नाही, धुराने जीव जाऊ शकतो.

काम झालं की मशीनलाही अंघोळ. घाण टाकी लगेच ओता, बादलीभर गोडं पाणी पाइपमधून ओढून घ्या, झाकणं उघडी ठेवून सावलीत पडवीत सुकवा. खारं पाणी आत राहिलं तर स्क्रू आणि स्प्रिंगा महिन्याभरात गंजतात. घेताना दुकानदाराला हेही विचारा की पाइप, नोझल, रबर आणि पंप सुटे मिळतात का आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे. कोल्हापूर किंवा मुंबई असं उत्तर आलं, तर बिघडल्यावर मशीन पाठवायचं कसं आणि कोणाच्या खर्चाने, ते बिलावर लिहून घ्या.

आता ती सुरमई. आधी गरम पाणी आणि ब्लीच हातात घेऊ नका. ब्लीच आणि व्हिनेगर तर एकत्र कधीच नको, विषारी वायू होतो. डिकीतली मॅट काढून थंड पाण्याने भिजवा आणि ओढा. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी फवारून दहा मिनिटं ठेवा. माशाचा वास ज्या ट्रायमिथिलअमिनचा असतो त्याला आंबट लागलं की तो उडत नाही. स्वयंपाकात आपण माशाला आमसूल लावतो ते उगाच नव्हे. पण म्हणून डिकीत आमसुलाचं पाणी ओतू नका, डाग पडेल. व्हिनेगर साध्या पाण्याने ओढून काढल्यावर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर फवारा आणि रात्रभर वर ओलं फडकं टाकून ठेवा. ते सुकलं की त्याचं काम थांबतं. सकाळी ओढून वाळवा. एवढं करूनही वास राहिला तर डिकीचा तळ उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात टॉर्च मारा. पाणी बहुतेक तिथे जाऊन बसलेलं असतं. खड्ड्याच्या तळाला रबराचं बूच असतं, ते काढून धुतलं की पाणी खालून निघून जाईल. बूच परत लावायला विसरू नका.